तुरीखाली लुगडं

आज्जीच्या लुगड्यांना आमच्या घरात पेन्शन नव्हती. नेसून विटलेलं नऊवारी आधी गोधडीच्या गाठोड्यात जाई, तिथून पाळण्यात, मग पोतेऱ्यात. पण दिवाळीच्या आवराआवरीत ती एक लुगडं वेगळं काढून खुंटीला टांगायची. सगळ्यात लांब, त्यातल्या त्यात कमी फाटलेलं. ते तुरीचं लुगडं. कार्तिक संपत आला, आभाळ दोन दिवस भरून राहिलं, की एखाद्या सकाळी ती ते खांद्यावर टाकून अंगणात उभी राहायची आणि आम्हाला हाका मारायची. त्या दिवशी शाळा नाही, हे आम्हाला न सांगता कळायचं.

गाव आमचं भालकी तालुक्यात, मांजरेपासून कोसभर. घरात मराठी, जमिनीच्या कागदाला सातबारा न म्हणता पहाणी, बसच्या पाट्या कानडी आणि आबांच्या जुन्या वहीतले आकडे उर्दू. शिवार सगळं काळं, आणि त्यात जिकडेतिकडे तूर.

तूर आमच्या डोक्याच्या वर गेलेली असे. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात लुगडं पसरायचं. पुढची दोन टोकं मी आणि चुलतभाऊ धरायचो, मागची दोन आज्जी आणि एखादी शेजारीण. मोठी माणसं दोन्ही बाजूंनी झाडाचा शेंडा हाताशी ओढून लुगड्यावर वाकवायची आणि दोन हिसके द्यायची. तिसरा हिसका नाही, फुलं गळतात. सुपात ज्वारी पडावी तशा आळ्या टपाटप पडायच्या. हिरव्या, तपकिरी, काही गुलाबीसर, अंगावर लांबट रेघा. लुगडं पुढं ओढायचं, पुन्हा दोन हिसके. ओळ संपली की लुगड्याची चारी टोकं गोळा करून धुऱ्यावर न्यायची. तिथं डालग्यात घालून आणलेल्या कोंबड्या असत. पहिल्या दोन ओळींना त्या तुटून पडत, पाचव्या ओळीनंतर आळीकडे बघतसुद्धा नसत. मग उरलेल्या आळ्या खड्ड्यात, वर रॉकेल टाकलेलं पाणी.

मी एकदा म्हटलं होतं, "आबा, झाडावर तर एकबी आळी दिसंना." आबा शेंग हातात घेऊन म्हणाले, "आळी दिसत नसती बाई. भोक दिसतं. आन् भोक दिसलं तवा तिचं जेवण झालेलं असतं." मग त्यांनी दुसरी शेंग दाखवली. आळीचं तोंड आत, निम्मं अंग बाहेर, पंगतीत ताटावर वाकलेल्या माणसासारखं.

पुढं कळलं की ही बया जगभर फिरलेली आहे. हरभऱ्यावर तिला घाटेअळी म्हणतात, कापसावर बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. शास्त्राच्या वहीत एकच नाव, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया ही तिची जुनी घरं. २०१३ साली ती ब्राझीलमध्येही सापडली. पतंगाची मादी कळ्याफुलांवर एकेक करून हजारभर अंडी घालते. पोट भरलं की आळी झाडावरून उतरून मातीत कोष करते, आणि अंड्यापासून महिन्या-सव्वा महिन्यात नवा पतंग उडतो. हे सगळं आज्जीला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आभाळ आल्यावर किती दिवसांनी लुगडं काढायचं. ती दिवस मोजायची नाही, फुलं बघायची.

खरी गंमत निराळीच होती. कोणी कधी तूर झटकायची, हे घराघरात ठरत नसे. मारुतीच्या पारावर संध्याकाळी ठरे. वरच्या शिवाराने सोमवारी, खालच्याने मंगळवारी, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत गावात न झटकलेली तूर उरता कामा नये. ज्याच्याकडे माणसं कमी, त्याच्याकडे बाकीच्यांनी जायचं. यात गोडवा फार नव्हता. पारावर भांडणं होत, कोण कोणाच्या ओळी राखून हिसके देतो यावरून वर्षवर्ष अबोले चालत. पण उडणाऱ्या पतंगाला धुरा दिसत नाही, हे गावाला कळलेलं होतं. तुमचं रान स्वच्छ आणि शेजाऱ्याचं भरलेलं, तर तुमची मेहनत त्याच्या आळीच्या पुढच्या पिढीच्या पंगतीसाठी.

आबांच्या गोष्टींत एक साल असं होतं, ज्या साली लुगडं निघालंच नाही. १९४८.

त्याआधीची युद्धाची वर्षं आबा हसत सांगत. हैदराबाद संस्थानात तेव्हा धान्याची सक्तीची लेव्ही होती. आबा म्हणत, "दोन लेव्ह्या. एक आळीची, एक निजामाची. आळी निदान पावती मागत नव्हती." पिकाची आणेवारी ठरवायला गिरदावर यायचा, तेव्हा पणजोबा त्याला सरळ वाटेने नेत नसत. मर रोग लागलेल्या पट्ट्याच्या कडेकडेने फिरवून आणत, मधेच बसवून ताक पाजत, म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर वाळकी तूरच राही. रोगाचा माणसाला उपयोग झालेला तेवढा एकच प्रसंग मला ठाऊक आहे.

पण अठ्ठेचाळीसचं सांगताना आबांचा आवाज खाली जाई. रझाकारांच्या भीतीने गावातली निम्मी घरं पाऊस पडायच्या आधीच बार्शी-सोलापूरकडे पाहुण्यांच्या आसऱ्याला गेलेली. पेरणी झाली ती अर्धवट. १७ सप्टेंबरला संस्थान शरण आलं आणि ही माणसं परतली. त्यानंतरच्या आठवड्यांत गावातली मुसलमान घरं रिकामी झाली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत तेव्हा जे घडलं, त्याची चौकशी करायला सुंदरलाल समिती आली होती. तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आबांनी अहवाल पाहिला नव्हता. त्यांना पारावरून दिसणारं सहा एकरांचं एक रान माहीत होतं. त्या रानाचा मालक दरवर्षी सगळ्यात आधी झटकायचा, आणि त्याचीच पोरं आमच्या ओळींना हात लावायला यायची. त्या वर्षी त्याची तूर उभी राहिली, बिनमालकाची. कोणी तिला हात लावला नाही. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा. "त्या रानातनं आळी आमच्यावर आली," आबा म्हणत, आणि मग बराच वेळ काही बोलत नसत. ते फक्त आळीबद्दल बोलत होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

१९५६ साली बिदर जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आम्ही म्हैसुरात. नकाशावरची ही रेघ तुरीला कळली नाही. माझ्या आत्या दोन: एक निलंग्याकडे दिलेली, दुसरी आळंदला, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्गा, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात. निलंग्याची आत्या माहेरी येताना बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या वाणाचं बी पिशवीत घालून आणी, आळंदची गुलबर्ग्याच्या केंद्राचं. एका वर्षी दोघी एकाच दिवशी आल्या आणि ओसरीवर बियांवरून जी जुंपली, तसा सीमावाद विधानसभेतही झाला नसेल. आबांनी दोन्ही पेरलं.

आळंदच्या आत्याकडून मी रोगांची कानडी नावं शिकले. तुरीला ती तोगरी म्हणे, मर रोगाला नेटे. मरीची गोष्ट आळीहून वाईट, कारण इथं लुगडं चालत नाही. भरल्या फुलांत, सगळं ठीक दिसत असताना, ओळीतलं एकच झाड माना टाकतं. पाणी असून तहानेलं. खोडावर बुडापासून वर चढणारा जांभळट-तपकिरी पट्टा दिसतो. साल सोलून खोड उभं चिरलं तर आत काळ्या रेघा. चार दिवसांनी शेजारचं झाड, मग गोल चट्टा. आबांच्या पिढीची समजूत अशी की जमिनीतून गरम वाफ निघते आणि मुळं भाजतात. त्यावर उपाय म्हणून चट्ट्यात मीठ टाकायचे, कोणी लिंबू पुरायचे. काही उपयोग व्हायचा नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हल्ली जुन्यांचं सगळंच शहाणपण होतं असं म्हणायची फॅशन आहे.

रोगाचा खरा धनी एक बुरशी. बिहारातल्या पुसा इथल्या सरकारी संस्थेत एडविन बटलर नावाचा बुरशीशास्त्रज्ञ होता; त्याने तिचं वर्णन १९१० साली केलं, आणि आजही फ्युजेरियम उडम या नावापुढं बटलरचं नाव लागतं. ती मातीत राहते. पीक निघून गेल्यावरही तुरीच्या धसकटांत तीनेक वर्षं तग धरते. म्हणजे आम्ही दरवर्षी तुराट्या कापून नेत होतो, टोपल्या विणत होतो, कूड बांधत होतो, आणि पुढल्या सालचा रोग जमिनीत बुडख्यांच्या रूपाने जपून ठेवत होतो.

तरीही आबांच्या ऐन तारुण्यात मर इतकी नव्हती, असं सगळेच म्हातारे सांगत. त्याचं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण ते त्यांच्या हातूनच घडत होतं. तूर तेव्हा एकटी नसे. ज्वारीच्या सहा-सात ओळींमागं तुरीची एक इरवड, आणि पुढच्या साली त्या रानात दुसरंच काही. पुढं पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत, आमच्याकडून हैदराबादला जाताना रस्त्यावर लागतं ते, प्रयोग झाले आणि ज्वारीसोबतच्या तुरीत मर कमी आढळली. डाळीला भाव आला तशी आम्हीच ज्वारी हाकलली. कलबुर्गी डाळीचं कोठार झालं, डाळमिली आल्या, २०१९ साली गुलबर्गा तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. रानात नजर पोचेल तिथवर एकच पीक. बुरशीला याहून काय हवं?

मरीवर खरा उतारा पडला तो बियांतून. इक्रिसॅटने निवडलेला आयसीपी ८८६३ हा वाण कर्नाटकात १९८६ साली 'मारुती' नावाने आला. आबा तेव्हा सत्तरीत होते. शेजारच्या रानात जुनी तूर चट्ट्याचट्ट्यांनी वाळत होती आणि आमची मारुती धुऱ्यापर्यंत हिरवी. आबांनी बियांच्या पिशवीवरचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं आणि पारावरच्या मारुतीला नारळ फोडला. मी कॉलेजात शिकत होते. नावाचा आणि देवाचा संबंध नाही, हे मी त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, "तुझ्या शास्त्रज्ञाचा पत्ता दे, त्यालाबी फोडतो."

वाण म्हणजे कायमचा ताम्रपट नव्हे, हेही पुढं दिसलंच. २०२२च्या हंगामात कलबुर्गी आणि आसपास मर इतकी पसरली की लाखावर हेक्टर तूर फुलाशेंगांत उभीच्या उभी वाळली, शेतकरी रस्त्यावर आले आणि सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली.

आता वांझ रोगाचं. कानडीत गोड्डु, अर्थ तोच. पानं लहान, फिकट, पिवळे-हिरवे ठिपके पडलेली. झाड झुडपासारखं दाट वाढतं आणि फूल म्हणून धरत नाही. आज्जी या रोगाला कधी वांझ म्हणाली नाही. ती म्हणे 'नुसत्या पाल्याची तूर'. घरात धाकट्या आजोबांची बायको होती, तिला मूल नव्हतं. पाल्याची झाडं ओळखून उपटायचं काम बहुतेक वेळा तिच्याकडे येई, तिची नजर चांगली होती म्हणून. एकदा एका गड्याने तिच्या देखत तो शब्द उच्चारला, तेव्हा आज्जीने त्याला भाकरी वाढता वाढता थांबून असं पाहिलं की तो गडी त्यानंतर आमच्या घरी 'पाल्याची' असंच म्हणू लागला.

हा रोग पसरवतो एक कोळी, साध्या डोळ्याला न दिसणारा, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. त्याच्यातून जाणारा विषाणू नेमका कोणता, हे उलगडायला शास्त्रज्ञांना जवळजवळ विसावं शतक संपावं लागलं. कोळी वाऱ्यावर उडत येतो. पण कुठून? उन्हाळ्यात रानात तूर नसते, तेव्हा तो राहतो कुठं? हे मला खूप उशिरा, कृषी खात्याच्या एका अधिकाऱ्याने विहिरीवर बसून समजावलं, आणि समजावता समजावता त्याने बोट दाखवलं. आमच्या विहिरीच्या थारोळ्याशी आज्जीने लावलेली तुरीची दोन जुनी झाडं होती, बारमाही. ओल्या शेंगांच्या आमटीसाठी. तीन-चार वर्षांची, छाटली की पुन्हा फुटणारी. आख्ख्या शिवारातला कोळी उन्हाळाभर तिथं पाहुणा असायचा. आज्जी वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती. भावाने ती झाडं दुसऱ्या दिवशी उपटली. ओल्या शेंगांची आमटी त्यानंतर त्या चवीची झाली नाही, हे खरं. आणि पाल्याची तूर कमी झाली, हेही खरं.

औषधं आमच्याकडे भुकटीने आली. बीएचसीची पांढरी भुकटी फडक्यात बांधायची आणि ओळीतून चालत झाडावर आपटायची. नाकाला रुमाल बांधणारा भित्रा ठरे. तीच भुकटी ढेकणांसाठी बाजेवर, तीच पोराच्या डोक्यात उवांसाठी. १९९७ साली तिच्यावर देशात बंदी आली. मग बाटल्या आल्या. पहिली दोन-तीन वर्षं बाटलीने चमत्कार केला, नाही म्हणायचं कारण नाही. सकाळी फवारलं की दुपारी आळ्या खाली. लुगडं खुंटीवरून निघालं ते गोधडीत गेलं. पारावरचं ठरवणंही बंद पडलं. ज्याच्या खिशात पैसे, त्याने फवारावं, त्यात इतरांना काय विचारायचं? माझ्या मते तेव्हा गावाने जे गमावलं ते लुगडं नव्हतं, ती सोमवार-मंगळवारची यादी होती.

आळीने मात्र शिकून घेतलं. आंध्रातल्या कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइडला ती दाद देईना, हे १९८७ सालीच उघड झालं होतं. आमच्यापर्यंत ती बातमी बाटलीबरोबर आली नाही. १९९७-९८च्या हंगामात अवेळी पाऊस झाला, आभाळ हटेना, आणि आळी अशी पडली की रात्री रानात उभं राहिलं तर कुरतडल्याचा आवाज येतो, असं थोरले काका सांगत. त्यांनी सात फवारण्या केल्या, सगळ्या उधारीवर. शेवटच्या दोन फवारण्यांत तर एका बाटलीत दुसरी मिसळली, कुणी दुकानदाराने सांगितलं म्हणून. सातव्या फवारणीला ते पंप पाठीवर असतानाच ओळीत कोसळले. दवाखान्यातून तीन दिवसांनी घरी आले. तूर तोवर पोकळ शेंगांची झाली होती. ते वाचले. त्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यात सगळेच वाचले नाहीत. बिदरमधल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर ए. आर. वसवी यांनी १९९९ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला, तो मी पुढं वाचला. त्यातलं बाजाराचं आणि सरकारचं विवेचन वाचताना माझ्या डोळ्यांपुढं काकांची पत्र्याची पेटी होती, उधारीच्या चिठ्ठ्यांनी भरलेली.

काकांनी त्यानंतर आबांची एक जुनी गोष्ट मनावर घेतली. आबा म्हणायचे की एखाद्या साली आळीलाच पटकी होते. पटकी म्हणजे कॉलरा. आबांच्या लहानपणी मांजरेकाठची गावं तिने ओस पाडली होती, म्हणून तोच शब्द. रानात आळ्या शेंड्याकडे चढतात, मागच्या पायांनी फांदीला धरून उलट्या लटकतात, काळ्या पडतात आणि बोट लावताच फुटून पाणी होतात. आबांनी एका साली अशा लटकलेल्या आळ्या मडक्यात गोळा करून, पाण्यात चुरून, फडक्याने गाळून झाडूने तुरीवर शिंपडल्या होत्या. घरात याची थट्टा व्हायची. आज्जीने ते मडकं पुन्हा घरात घेतलं नाही.

गुलबर्ग्याच्या केंद्रातून काका जी बाटली घेऊन आले तिच्यावर एचएएनपीव्ही असं लिहिलेलं होतं, आणि मात्रा हेक्टरी ५०० एलई. एलई म्हणजे काय, हे त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं. एका आजारी आळीतून निघतो तेवढा विषाणू म्हणजे एक एलई, तो म्हणाला. काका बसमधून घरी येईपर्यंत हसत होते. पाचशे आळ्यांच्या पटकीचं पाणी, सीलबंद! फरक एवढाच की केंद्राने ती आळी स्वच्छ पाळलेली, विषाणू मोजलेला. फवारायचं उन्हं कलल्यावर, कारण उन्हाने विषाणू मरतो. त्यात गूळ घालायचा, म्हणजे आळी चवीने खाते. आणि कपड्यांची राणीपाल नीळ, विषाणूला उन्हापासून आडोसा म्हणून. त्याच्या आधी, अंडी असतानाच, पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात, थोडा साबण. यात झटपट काही नाही. आळी मरायला चार-सहा दिवस घेते, आणि तेवढे दिवस माणसाला शांत झोप लागत नाही.

माझा एक मावसभाऊ निमलष्करी दलात होता, काश्मिरात सोपोरजवळ. तो सांगायचा, तिथं सफरचंदाच्या बागवाल्यांच्या घरी भिंतीवर फवारणीचा तक्ता असतो: कळी हिरवी झाली की एक, गुलाबी झाली की दुसरी, पाकळ्या गळाल्या की तिसरी. १९७३ साली तिथं खवड्याची मोठी साथ आली, तेव्हापासून लोक सावध झाले. मला त्यातलं रंगांचं फार आवडलं. तारीख नाही, कळीचा रंग. आज्जी हेच करत होती, फक्त तिची भिंत नव्हती.

तिची शेवटची खूण वेळामावस्या. मार्गशीर्षाची अमावास्या, येळवस म्हणा, आळंदकडे एळ्ळ अमावास्या. कडब्याची कोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर यांनी रान भरून टाकायचं. नैवेद्य झाला की आंबिलीचं मडकं घेऊन एकजण धावत शिवाराला फेरी मारतो आणि आंबील, अन्न पिकावर उधळत जातो. कानडीत त्याला चरग म्हणतात. अन्न टिपायला पक्षी उतरतात आणि मग आळ्याही टिपतात, म्हणून हा सण म्हणजे पूर्वजांचं कीडनियंत्रण, असं आता व्याख्यानांत ऐकू येतं. मला यावर भरवसा नाही. आबा उधळताना रानातल्या लक्ष्मीचं नाव घेत होते, कोतवाल पक्ष्याचं नाही. शिवाय पक्ष्यांच्या बाबतीत आमचा हिशेब पहिल्यापासून चुकलेला. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरत, तेव्हा आम्ही माळ्यावर चढून गोफणीने त्यांना दिवसभर हाकलत असू. आणि त्याच भोरड्या तुरीतल्या आळ्याही खात. पक्षी थांबे म्हणून तुरीत काठ्या रोवा, असं आता अधिकारी सांगतात. भाऊ रोवतो. ज्वारी त्याने सोडली आहे, त्यामुळे गोफणीचा प्रश्न मिटला.

एक मात्र खरं. वेळामावस्येला सगळं गाव रानात असतं. पुण्याहून, हैदराबादहून पोरं येतात. शेजारी शेजाऱ्याच्या कोपीत जेवतो, धुऱ्याधुऱ्याने हिंडतो, आणि कोणाच्या तुरीत किती भोकं हे आपोआप सगळ्यांना कळतं. पूर्वी त्याच दिवशी शेवटच्या झटकणीचं ठरत असे.

केंद्रवाले आता झटकणीच सांगतात, लुगड्याऐवजी प्लॅस्टिकची ताडपत्री घेऊन. भाऊ तयार आहे, माणसं नाहीत. त्याने या वर्षी पाच कामगंध सापळे लावले. सापळ्यात रोज आठ-दहा पतंग, असे सलग तीन दिवस आले, की हलायची वेळ झाली समजायचं. काल त्याचा फोन आला. बुधवारी नऊ, गुरुवारी अकरा, शुक्रवारी चौदा. रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत सुरू करायचं ठरलंय. आम्ही घरचे चारजण आहोत, आठ लागतात. भालकीपासून गावापर्यंत जीप मिळते, भज्जी-भाकरी आमच्याकडे. येताना फक्त एखादं जुनं लुगडं आणा, नऊवारी असेल तर बरं.